अप्पांच्या दंडावरची टिकली

मी चोवीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. दुसऱ्याच्या पासवर बसलेला माणूस मला दारातच ओळखू यायचा. असा माणूस खिडकीबाहेर फार बघतो. कित्येकांना मी मधल्या फाट्यावर उतरवलं असेल, दयामाया न दाखवता. तेव्हा मी जे केलं ते नकळत झालं असं म्हणायला मला तोंड नाही. जाणूनबुजून केलं, हसत हसत केलं, आणि नवऱ्यालाही त्यात ओढलं.

झालं असं. माझी एकुलती एक लेक गिरिजा सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला औशाला माहेरी आली. सोबत दोन बॅगा, इन्सुलिनची पेनं ठेवायचा थंड डबा, आणि डाव्या दंडावर रुपयाएवढी पांढरी टिकली. दिवस गेले आणि तिला साखर निघाली. हल्ली अशा प्रत्येक बाईला दवाखान्यातून ही टिकली मिळते. आत केसासारखी सुई असते, दुखत नाही. दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर मोजायची आणि आकडा पाठवून द्यायचा, एवढंच तिचं काम. आकडा दवाखान्यात जातो, ते ठीकच आहे. पण गिरिजाच्या टिकलीचा आकडा सोलापूरला तिच्या सासूच्या आणि पुण्याला नवऱ्याच्या मोबाइलवरही जायचा.

पोरीनं अर्धी भाकरी जास्त खाल्ली, की वीस मिनिटांत फोन. विहीणबाई, म्हणजे महानंदाताई, बोलायला लोण्यासारख्या. "चंद्रकलाताई, रागावू नका हं, एकशे बावन्न दाखवतंय. काही गोड दिलं का?"

"डाळिंबाचे चार दाणे दिले."

"चारच ना?"

आता काय सांगावं! मोजून दिले होते काय मी? फोन ठेवला की पुण्याहून जावयाचा, विश्वजीतचा. तो कामासाठी तिकडे राहायचा, पण बायकोची साखर त्याला मीटिंगमध्ये बसल्या बसल्या दिसायची. गिरिजा ताटावरून उठायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची. "आई, मला गिळताना पण कुणीतरी बघतंय असं वाटतं," ती एकदा म्हणाली. माहेर म्हणजे जिथं बाईला कुणी हिशोब विचारत नाही ती जागा, असं मी समजत होते.

मग येळवस आली. आमच्या लातूर भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. बाजरीचे उंडे, भज्जी, अंबिल, गव्हाची खीर. त्या दिवशी औशाचे रस्ते ओस पडतात. गाडीत डबे भरले, आणि गिरिजा म्हणाली, "मी घरीच थांबते. खीर खाल्ली तर दोन्हीकडून फोन येतील, नाही खाल्ली तर जीव जाईल."

मी टिकलीकडे बघितलं. उन्हाळ्यात घामानं खाज सुटते म्हणून तिची चिकटपट्टी बदलता येते. मेडिकलमध्ये नव्या पट्ट्या आणि सुया मिळतात, आणि कशा लावायच्या ते मला येत होतं. मग मी आमच्या अप्पांकडे बघितलं. माझा नवरा, मन्मथ बिराजदार, सगळे अप्पाच म्हणतात. वय त्रेसष्ट, अंगावर चरबी म्हणून नाही, चहात साखर नाही, आणि पहाटे पाचला तळ्याला दोन चकरा.

"अप्पा, शर्टाची बाही वर करा," मी म्हणाले.

"कशाला?"

"करा म्हटलं की करावी."

गिरिजा पोट धरून हसली. किती दिवसांनी हसत होती! अप्पा बिचारे बाही वर करून बसले. टिकली लागली. त्या दुपारी लेक शेतातल्या कडब्याच्या कोपीच्या सावलीला बसून दोन वाट्या खीर जेवली आणि फोन एकदाही वाजला नाही.

एकच दिवस करायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदाताईंचा फोन आला, आणि आवाजात नुसतं कौतुक. "अहो, पहाटे पाचला आकडा खाली आला, आमची सूनबाई चालायला जाते वाटतं! साखर ब्याण्णव! मी आमच्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलं."

मी फोनवर हात ठेवून अप्पांना खूण केली. ते नुकतेच फिरून आले होते आणि पायातला बूट काढत होते. आम्ही तिघं इतके हसलो की शेजारीण बघायला आली.

मग कोण काढतंय टिकली? अकरा दिवस ती अप्पांच्या दंडावर राहिली. गिरिजा गाढ झोपायला लागली, जेवायला लागली, लहानपणीसारखी माझ्या मांडीवर डोकं ठेवायला लागली. माझ्या साखरेच्या मशीनवर तिनं दोनदा बोट टोचून बघितलं. एकशे नव्वद, मग दोनशे दहा. "येळवसचं आहे, उतरेल," मी म्हणाले. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला की आकडे फार चांगले आहेत, इन्सुलिन चार युनिट कमी करा. आम्ही कमी केलं. मला तर ती आमची जीतच वाटली. अक्कल गहाण टाकली की असंच होतं.

सदतिसावा आठवडा संपून तीन दिवस झाले आणि लातूरला तपासणीला जायचा दिवस आला. सकाळी टिकली परत गिरिजाच्या दंडावर लावली. डॉक्टर नाझनीन काझी म्हणून आहेत, चाळिशीच्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर बाळंतपणाची एक तारीख होती, बरोबर बारा दिवसांनंतरची.

"वा! तुमच्या वारेचं घड्याळ मागं सरकलंय," त्या गिरिजाला म्हणाल्या. "मागच्या वेळी हे यंत्र तुम्हाला अडतीस आठवड्यांच्या आत बोलवा म्हणत होतं. आता बारा दिवस थांबा म्हणतंय. तोवर आपोआप कळा आल्या तर उत्तमच."

गिरिजानं माझा हात दाबला. तिला औषधानं कळा आणायची फार धास्ती होती.

मला मात्र खोड आहे, न समजलेलं विचारल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणाले, "मॅडम, साखरेचा आणि तारखेचा संबंध काय?"

त्यांनी नीट सांगितलं. बाळाचं खाणं आणि श्वास दोन्ही वारेतून जातात. वारेचं आयुष्यच नऊ महिन्यांचं. पण आईची साखर वाढलेली असली तर वारेतल्या बारीक नसा खराब होतात आणि ती वेळेआधी म्हातारी होते. तिकडे बाळाला साखर जास्त मिळते, ते अंगानं भरतं, आणि भरलेल्या बाळाला श्वासही जास्त लागतो. म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठा आटतो. बाहेरून काहीच कळत नाही. आई ठणठणीत, बाळ गुटगुटीत. आणि एखाद्या दिवशी हालचाल थांबते.

"पूर्वी आमच्याकडे ढोबळ माप होतं," त्या म्हणाल्या. "साखरेची बाई म्हटली की अडतीस-एकोणचाळीस आठवड्यांना बोलवायची आणि कळा आणायच्या. लवकर आणल्या तर बाळाला श्वासाचा त्रास, उशीर केला तर बाळच हातचं जाण्याची भीती. आता वार आईच्या रक्तात स्वतःचे बारीक कण सोडते ते मोजता येतात, पोटाला पट्टा बांधून तिच्यातला रक्तप्रवाह ऐकता येतो. त्यावरून वार अजून किती दिवस पुरेल ते कळतं. पण ती मोठी तपासणी तीन आठवड्यांतून एकदाच करतो. मधले दिवस यंत्र टिकलीच्या साखरेवरून धरतं. तुमची साखर इतकी सुंदर, की आज पट्ट्याची गरज नाही म्हणतंय."

यंत्र अप्पांच्या साखरेवरून माझ्या लेकीची वार मोजत होतं.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, ठोके ऐकले. ठोके चांगले होते. "बाळ मात्र जरा भरलेलं वाटतंय. घराण्यात असेल. आजी, तुमची बाळं मोठी होती का?"

"ही अडीच किलोची."

"तुमचं पहिलं बाळ हीच?"

"हो," मी म्हणाले.

ते खोटं होतं. गिरिजाच्या आधी मला एक मुलगा झाला होता, साडेचार किलोचा. नऊ महिने भरले, आणि एका सकाळी पोटात काही हलेना. दुसऱ्या दिवशी तो झाला तो मेलेलाच. एवढं सुंदर बाळ, नजर लागली, असं सगळ्या बायका म्हणाल्या, आणि मीही तेच मानलं. तेव्हा माझी साखर कुणी तपासली नव्हती. चाळिशीत मला साखर निघाली, तरी या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्या एकत्र आल्या.

दवाखान्यात तोंड उघडलं नाही, हे माझं दुसरं पाप. लेकीला चारचौघांत उघडं पाडायचं धाडस झालं नाही. घरी आल्याबरोबर स्वयंपाकघरात तिला म्हणाले, "गिरू, डॉक्टरांना खरं सांगायला पाहिजे. आजच."

"आई, नको," ती पटकन म्हणाली. "टिकली आता माझ्याच दंडावर आहे. मी सगळं पथ्य पाळते. बारा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"ते बारा दिवस तुझे नाहीत गं, अप्पांचे आहेत."

"बाळ हलतंय, ठोके चांगले आहेत. सोलापूरला कळलं तर मला जन्मभर ऐकावं लागेल. म्हणतील, माहेरी जाऊन चोरून खाल्लं, पोराच्या जिवाशी खेळली. तू नसशील तिथं ऐकायला, मी असेन."

ती खोटं काहीच बोलत नव्हती. मला तिची कीव आली, आणि स्वतःचा संतापही. मी फोन उचलला.

"आई, मी नाही म्हणते आहे."

"ऐकलं," मी म्हणाले, आणि डॉक्टरांचा नंबर लावला. तिच्यासमोर सगळं सांगितलं. टिकली कुणाच्या दंडावर होती, किती दिवस होती, बोट टोचून काय आलं, युनिट कमी केले. शेवटी म्हणाले, "आणि मॅडम, गिरिजा माझं पहिलं बाळ नाही. आधी एक मुलगा होता. भरल्या दिवसांत पोटातच गेला. साडेचार किलोचा होता."

गिरिजा भिंतीला टेकून उभी होती. तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "यंत्राला साखर कळते, दंड कुणाचा ते कळत नाही. असेल तशा निघून या. कपड्यांची बॅग सोबत घ्या."

मी फोन ठेवला. गिरिजा म्हणाली, "मला न विचारता सांगितलंस. हे माहेर आहे का एस.टी.च्या तपासणीची जीप?" आणि बॅग भरायला गेली. वाटेत गाडीत ती एक हात पोटावर ठेवून बसली होती. मी तेवढ्यात सोलापूरला फोन लावला, कारण विहिणीला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

महानंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे पहाटे पाचला चालत होते ते अप्पा?"

"हो."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "आणि मी गावभर सांगत सुटले!" मग त्यांचा आवाज बदलला. "चंद्रकलाताई, बाळाला काही झालं तर मी तुम्हाला माफ करणार नाही."

"मीही नाही करणार," मी म्हणाले.

दवाखान्यात लगेच पट्टा बांधला, रक्त घेतलं. तासाभरात नवी तारीख आली. पडद्यावर बारा दिवसांच्या जागी दोन दिवस होते. डॉक्टर म्हणाल्या, "दोनाची वाट बघण्यात अर्थ नाही. आज सुरू करू. या वयाच्या बाळाला झेपतं, काळजी करू नका. जन्मल्यावर त्याची साखर मात्र उतरेल, तेवढी सांभाळू."

मी विचारलं, "उतरेल कशी? इकडे तर वाढलीय."

"पोटात असताना आईच्या जादा साखरेला पुरं पडायला बाळ स्वतःचं इन्सुलिन भरपूर तयार करतं. नाळ कापली की साखर बंद होते, इन्सुलिन तसंच चालू राहतं. म्हणून पहिले दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचं."

प्रसूतिगृहात सोबत एकच बाई चालते. नर्सनं विचारलं, "कोण येणार, आई का सासू?" महानंदाताई तोवर सोलापूरहून पोचल्या होत्या, चपला हातात घेऊन जिन्यावरून पळत आल्या होत्या. गिरिजा माझ्याकडे न बघता म्हणाली, "सासूबाई येतील."

बरोबरच होतं तिचं. मी बाहेरच्या बाकावर बसले, अप्पांच्या शेजारी. कुणाचंही पहिलं बाळंतपण असो, आई आत असते. माझी जागा मी स्वतःच्या हातानं घालवली होती. अप्पा सारखे आपला दंड चोळत होते. टिकलीची जागा अजून लाल होती. "मीच नको म्हणायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मी म्हणाले, "तुम्ही मला कधी नको म्हणालात?"

कळा आणायच्या म्हणजे बटण दाबलं आणि झालं, असं नसतं. यंत्रानं दिवस सांगितला तरी बाईचं अंग आपल्या चालीनंच चालतं. पहिल्या दिवशी गर्भाशयाचं तोंड उघडावं म्हणून पाण्यानं भरलेला फुगा आणि गोळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सलाईनमधून कळांचं औषध, आणि शेजारी दुसऱ्या सलाईनमधून थेंब थेंब इन्सुलिन. दुपारी बाराच्या सुमाराला महानंदाताई चहा प्यायला बाहेर आल्या. केस विस्कटलेले, मनगटावर नखांचे ओरखडे. गिरिजानं धरून ठेवलं असणार. माझ्या शेजारी बसल्या.

"मी सारखी विचारत होते, म्हणूनच ना हे झालं?" त्या म्हणाल्या.

"म्हणूनच. पण टिकली मी हलवली."

"माझ्या सासूनं मला एवढं विचारलं असतं तर मीही हलवली असती," त्या म्हणाल्या, आणि अर्धा कप चहा तसाच ठेवून आत गेल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगा झाला. तीन किलो नऊशे. साखर अडतीसवर आली होती म्हणून त्याला लगेच काचेच्या खोलीत नेलं. आम्ही काचेतून पाहिला. जाडजूड, लालबुंद, हाताच्या मुठी आवळलेला. काचेतून आवाज येत नव्हता, पण छाती वरखाली होत होती. मी ती किती वेळ मोजत राहिले कुणास ठाऊक. अप्पा ढसाढसा रडले.

डॉक्टरांनी मला आत बोलावून ट्रेमध्ये वार दाखवली. तिच्यावर चुन्यासारखे पांढरे डाग होते, एका बाजूला तर निम्मा भाग कडक झाला होता. मी विचारलं, "बारा दिवस निघाले असते?" त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. ज्या कार्यक्रमातून ही टिकली मिळते त्याच्या नियमात आता टिकलीबरोबर महिन्याला रक्तही तपासायचं असं लिहून पाठवते, म्हणाल्या.

पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. सव्वा महिना आमच्याकडे राहायचं ठरलं होतं. खोली सारवून, डिंक तळून सगळं तयार होतं. गिरिजा म्हणाली, "मी सोलापूरला जाते." गाडीत बसताना तिनं अप्पांना नमस्कार केला, मला केला नाही. बाळ महानंदाताईंच्या मांडीवर झोपलेलं होतं. डिंकाचे लाडू मी ड्रायव्हरच्या शेजारी ठेवले. साखर न घातलेले, खारकेचे. राग असला तरी बाळंतिणीला भूक लागतेच.

घर खायला उठलं. अप्पांनी फिरणं सोडलं. तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर काहीतरी वाजलं. बाळंतपणानंतरही सहा आठवडे टिकली ठेवतात, साखर गेली का राहिली ते बघायला. पडद्यावर लिहिलं होतं, गिरिजा, एकशे चार. मी चष्मा लावून परत वाचलं. थोड्या वेळानं महानंदाताईंचा फोन आला. "अहो, तिनं मला आणि विश्वजीतला आकड्यातून काढून टाकलं. घरात आहे, पण मला काही दिसत नाही. तुम्हाला दिसतं का?"

विहिणीशी पुन्हा खोटं बोलायचं मी टाळलं. "दिसतं," मी म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाल्या.

पुढचे दिवस आकडा येत राहिला. अठ्ठ्याण्णव. एकशे दहा. एकशे एक. ती फोन करत नव्हती, मीही करत नव्हते. एका दुपारी जेवणानंतर एकशे अडुसष्ट आला. अप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते. "एवढा? काय खाल्लं असेल? फोन कर," ते म्हणाले.

"असेल काहीतरी गोड. बारशाची घाई आहे तिकडे."

"अगं पण विचार तरी."

"नाही विचारणार," मी म्हणाले, आणि मोबाइल पालथा ठेवला. जीभ आवरून बसले. सोपं नव्हतं ते.

तासाभरानं एकशे अठरा आला. मग फोनच वाजला. गिरिजा होती.

"पाहिलंस?" तिनं विचारलं.

"पाहिलं."

"मग?"

"मग काय?"

मागं बाळ रडत होतं, गळा मोकळा सोडून, अख्खं घर डोक्यावर घेऊन. "आई, थांब, हा रडतोय, मी नंतर करते," ती म्हणाली.

"नको, ठेवू नकोस," मी म्हणाले. "फोन जरा त्याच्याजवळ धर."

तिनं धरला. मी अप्पांना हाक मारली आणि आवाज मोठा केला.